लाइपझिग ते स्टुटगार्ट: पाच दिवसांच्या नंबरप्लेटवर घरी आणलेली गाडी

स्टुटगार्टमध्ये राहणाऱ्या माणसाने पावणेपाचशे किलोमीटर दूर लाइपझिगला जाऊन जुनी गाडी का घ्यावी, हा प्रश्न आमच्या घरातही विचारला गेला. गाडी एकाच मालकाने वापरलेली होती, सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी जागच्या जागी होत्या आणि किंमत आमच्या आवाक्यातली होती, एवढेच उत्तर माझ्यापाशी होते. अडचण निराळीच निघाली. मालकाने गाडीची नोंदणी आधीच रद्द करून टाकली होती. नव्या मालकाच्या हातून काही घडले तर त्याचे बालंट जुन्या नोंदणीवर आणि जुन्या विम्यावर येऊ नये, म्हणून इथले पुष्कळ विक्रेते ही खबरदारी घेतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. आपल्याकडे परराज्यातली जुनी गाडी आणायची झाल्यास फॉर्म २८ वर ना-हरकत घेऊन ती तिच्याच नंबरावर चालवत आणता येते. जर्मनीत मात्र नोंदणी रद्द झालेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता तर येत नाहीच, पण उभीही करता येत नाही.

यावरचा मार्ग म्हणजे ‘कुर्झत्साइटकेनत्साइखेन’, अर्थात अल्पमुदतीची नंबरप्लेट. ती जास्तीत जास्त पाच दिवस चालते. शहराच्या अक्षरानंतर ०३ किंवा ०४ ने सुरू होणारा आकडा आणि उजव्या कडेला पिवळी पट्टी, त्या पट्टीवर दिवस, महिना आणि वर्ष एकाखाली एक, अशी तिची ओळख असते. छापलेल्या तारखेची मध्यरात्र उलटली की प्लेट निकामी होते. प्लेट चाचणीसाठी आणि गाडी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यासाठी असते, सहलीसाठी नव्हे. देशाबाहेर ती चालेल असे गृहीत धरू नये; गाडी कायमची बाहेर न्यायची असल्यास निर्यातीची वेगळी प्लेट मिळते.

अर्ज आपण राहतो तिथल्या किंवा गाडी जिथे उभी आहे तिथल्या वाहन नोंदणी कार्यालयात करता येतो. मी स्टुटगार्ट निवडले, कारण अनोळखी गावात सकाळी प्लेट आणि दुपारी गाडी अशी धावपळ मला नको होती. मात्र त्यासाठी गाडीची कागदपत्रे विक्रेत्याकडून आधी मागवावी लागतात. एप्रिल २०१५ पासून ही प्लेट विशिष्ट गाडीच्या नावानेच मिळते आणि गाडीची तांत्रिक तपासणी, जिला सगळे ‘ट्यूफ’ म्हणतात, मुदतीत असावी लागते. ती संपलेली असेल तर जवळच्या तपासणी केंद्रापर्यंत जाण्यापुरतीच मुभा मिळते, पाचशे किलोमीटरची नाही. त्यामुळे नोंदणीपत्राचे दोन्ही भाग आणि तपासणीचा अहवाल यांच्या स्पष्ट, चारही कोपरे दिसणाऱ्या प्रती हातात आल्याशिवाय रेल्वेचे तिकीट काढू नये. सोबत पासपोर्ट आणि निवासनोंदीचा दाखला न्यावा.

माझी पहिली फेरी तरीही वाया गेली आणि चूक सर्वस्वी माझी होती. विम्याचा पुरावा म्हणून इथे सात अक्षर-अंकांचा ‘ईव्हीबी’ क्रमांक द्यावा लागतो. मी विमा कंपनीच्या ॲपवरून तो दोन मिनिटांत मिळवला होता, पण तो नेहमीच्या नोंदणीचा होता. अल्पमुदतीच्या प्लेटसाठी तो स्वतंत्रपणे मागावा लागतो. खिडकीपलीकडच्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून लाल ओळ दाखवली आणि पुढचा नंबर पुकारला. बाहेर पायऱ्यांवर बसून केलेल्या एका फोनने काम झाले, पण त्या दिवशीची वेळ गेली ती गेलीच. त्याच फोनवर एक कामाची गोष्ट समजली. पुढचा कायमचा विमा त्यांच्याकडेच घेतल्यास या पाच दिवसांचे वेगळे पैसे लागणार नव्हते. हा विमा बहुधा समोरच्याच्या नुकसानीपुरता असतो. आपल्या गाडीचे काही झाले तर खर्च आपलाच, हे मात्र विचारून घ्यावे.

प्लेट ठोकून देणारी दुकाने कार्यालयाच्या दारातच असतात. रांगेतल्या पहिल्याच दुकानात शिरू नये. चार पावलांवर भाव बराच उतरतो.

आता दिवसांचा हिशेब, जो मी उलटा मांडला. इमारतीत स्वतःची पार्किंगची जागा नसलेल्या माझ्यासारख्याने मुदत संपण्याच्या आत कायमची नोंदणी उरकलीच पाहिजे, कारण नंतर गाडी घरासमोरच्या रस्त्यावर ठेवणेही नियमबाह्य ठरते. म्हणून मी आधी सोमवार सकाळची कायमच्या नोंदणीची वेळ मिळवली आणि मग त्याच्या अलीकडच्या गुरुवारी प्लेट घेतली. पट्टीवर सोमवारची तारीख आली.

शनिवारी प्लेटा वर्तमानपत्रात गुंडाळून पाठपिशवीत घातल्या आणि पहाटेची रेल्वे पकडली. लाइपझिगला पोहोचल्यावर काचेखालचा चासी क्रमांक कागदाशी अंकागणिक ताडून पाहिला, करारावर ताबा घेतल्याची तारीखच नव्हे तर वेळही लिहून घेतली, आणि पैसे तत्काळ हस्तांतराने पाठवले. बँकेची रोजची मर्यादा आदल्या दिवशी वाढवून ठेवावी, शनिवारी मदतीला कोणी नसते. नोंदणीपत्राचा दुसरा भाग मूळ स्वरूपात हातात पडल्याखेरीज पैसे देऊ नयेत, हे सांगायला नकोच.

किल्ली फिरवली तर नुसती टकटक. गाडी तीन आठवडे उभी राहून बॅटरी उतरली होती. विक्रेत्याच्या शेजाऱ्यांनी केबल जोडून ती सुरू करून दिली आणि ‘अर्धा तास तरी बंद करू नका’ असे बजावले. प्लेटा पुढेमागे चौकटीत बसवल्या. त्या डॅशबोर्डवर टेकवून निघण्याचा मोह टाळावा. डिकीत धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चकाकणारे जाकीट असणे सक्तीचे आहे. प्रथमोपचार पेटीची मुदत उलटून गेली होती, ती मी वाटेत बदलली.

रस्ता सरळ आहे: ए-९ या ऑटोबानने, म्हणजे महामार्गाने, न्युर्नबर्ग, तिथून ए-६ ने वाइन्सबर्ग आणि पुढे ए-८१. रुडोल्फश्टाइनजवळ ‘झाले’ (Saale) नावाच्या नदीवरचा पूल ओलांडताना पूर्व आणि पश्चिम जर्मनीची जुनी सीमा मागे पडते, हे पाटी पाहिल्याशिवाय कळतही नाही. न्युर्नबर्गच्या अलीकडे हीनबर्गचा लांब उतार लागतो. अनोळखी ब्रेकची परीक्षा तिथे व्हायची, म्हणून त्याआधीच एका रिकाम्या वाहनतळावर दोन-तीनदा जोरात ब्रेक दाबून पाहिले. पेट्रोल ऑटोबानवरच्या पंपावर न भरता बाहेर पडून भरावे, फरक डोळ्यांत भरण्याइतका असतो. गाइसलिंगनजवळ कोखर नदीवरचा १८५ मीटर उंचीचा पूल, १९७९ साली खुला झालेला आणि जर्मनीतला सर्वांत उंच, संध्याकाळच्या वाऱ्यात स्टिअरिंग घट्ट धरून पार केला.

भारतीय परवान्यावर विसंबून असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की इथे वास्तव्य सुरू झाल्यापासून तो सहाच महिने चालतो. त्यानंतर परीक्षा देऊन जर्मन परवाना काढावा लागतो.

सोमवारी कायमची नोंदणी वीस मिनिटांत आटोपली. नवा ईव्हीबी क्रमांक, रस्ता-कर खात्यातून वळता करण्याचे संमतिपत्र आणि मूळ कागद एवढेच लागले. गाडी न्यावी लागली नाही. पाच दिवसांच्या प्लेटा परत द्याव्या का, असे विचारले तर खिडकीतून उत्तर आले, ‘तुमच्याच आहेत, घेऊन जा.’