मयतीला हजर, नमाजाला गैरहजर

पाच वक्त मशिदीत न दिसणारा मी कुणाची मयत म्हटली की सगळ्यांच्या आधी कबरस्तानात कसा? जमातीतले हे टोमण्यानं विचारतात, ऑफिसातले मित्र कौतुकानं. कौतुकाचा वैताग जास्त येतो.

मौलानांचा हिशेब चोख आहे. रोजची नमाज फर्ज-ए-ऐन, ज्याची त्यानंच अदा करायची. जनाजाची, म्हणजे मयतीची, फर्ज-ए-किफाया, काहींनी पढली की बाकीचे सुटले. म्हणजे माझ्यावाचून जे अडत नाही तेच मी धावून करतो. खरंय. पण अडत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

2021चा एप्रिल. परप्रांतातला पॉलिशवाला कोरोनानं गेला. कबरस्तानात त्याचा कोवळा भाचा, कबर खोदणारा, रुग्णवाहिकेचा हिंदू ड्रायव्हर आणि मी. इमामसाहेब स्वतःच तापानं पडलेले. मय्यत प्लास्टिकच्या पिशवीत. चेन उघडायची नाही अशी सक्त ताकीद. म्हणजे गुस्ल, मय्यतीची आंघोळ, नाही. पाण्याऐवजी मातीनं करायची शुद्धी, तयम्मुम, तीही नाही. आम्ही कोकणी, शाफई पंथाच्या फिकहनं चालणारे, म्हणजे त्या पंथाचं धर्मशास्त्र मानणारे. त्याशिवाय जनाजाची नमाज होत नाही, हेच आमच्यातलं मुख्य मत. मजबुरीत सूट देणारे फकीह, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, आहेत, पण थोडे. हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या आठवत होतं. भाचा म्हणाला, "चाचा, आप पढ़ा दो." कबर खोदणारा माझ्याकडे बघायचं टाळत होता. त्याला ठाऊक होतं, फजरला, पहाटेच्या नमाजाला, मी कुठं असतो ते.

पढवली. चार तकबीर, म्हणजे चारदा अल्लाहु अकबर. ना रुकू, कमरेत वाकणं, ना सजदा, माथा टेकणं. असल्या, फर्ज चुकवणाऱ्या इमामामागची नमाज होते, पण मकरूह, म्हणजे नापसंत, असं पुस्तकं म्हणतात. त्या दिवशी ती झाली की नाही, मला आजही सांगता येत नाही. तिघांनी मिट्टी दिली. ड्रायव्हर पीपीई किटमध्ये घामाघूम होऊन थांबला होता. त्याला जायचं होतं, तरी थांबला.

त्याआधीचा मी म्हणायचो, किफाया म्हणजे कुणीतरी करेलच. त्याच्याशी मी अजून भांडतो. तो उलट विचारतो, एवढं कळलं तर फजरला उठत का नाहीस? उत्तर नाही. आळस म्हणा, आणखी काही म्हणा. फर्ज नाकारणारा वेगळा आणि मानून चुकवणारा गुन्हेगार वेगळा, एवढ्या फरकावर मी उभा आहे, आणि ती जागा फार ऐसपैस नाही.

तेव्हा मौलाना, उद्यापासून येतो असं खोटं सांगणार नाही. मिट्टी असेल तर फोन करा, रात्री-अपरात्रीही चालेल.