ऍसिड हाउसचं एकच गाणं सांगायचं तर

ऍसिड हाउस म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या पोरांना रात्रभर नाचवणारं, यंत्रांवर बनवलेलं संगीत. गप्पांत त्याचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "सारखं ऍसिड हाउस, ऍसिड हाउस म्हणता, ते दिवस कसे होते हे कळेल असं एकच गाणं सांगा की." मी दरवेळी पल्प या ब्रिटिश बँडचं १९९५चं 'सॉर्टेड फॉर ईज अँड विझ' सांगतो. लोक ते ऐकतात आणि तक्रार घेऊन परत येतात, यात ऍसिड हाउस कुठंय? नाहीच आहे. गिटारवर चालणारं साधं पॉप गाणं आहे ते.

अस्सल माल हवा असेल तर शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाचं १९८७चं 'ऍसिड ट्रॅक्स' लावा. रोलँडचं टीबी-३०३ हे छोटं यंत्र एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं, आणि बाजारात सपशेल आपटलेलं. या पोरांनी ते वाजत असतानाच त्याचे नॉब पिळले आणि तो चिरका, वळवळणारा आवाज निघाला. (चरणजित सिंग या वादकानं हेच यंत्र मुंबईत १९८२मध्येच रागांना जुंपलं होतं, पण त्यावर पुन्हा कधीतरी.) नाचायला बेफाम, पण आठवणी सांगणं हे त्याचं कामच नाही. जो आत नाचतोय त्याला सांगण्यासारखं काही सुचतही नसतं. सांगतो तो कडेला उभा राहिलेला.

पल्पचा गायक जार्विस कॉकर तसा होता. मूळचा शेफील्डचा, १९८८मध्ये लंडनला सेंट मार्टिन्स या कलाशाळेत सिनेमा शिकायला आला. तेव्हाच शहराबाहेर, एम२५ या वर्तुळाकार महामार्गाच्या आसपास, ऍसिड हाउसवर नाचायच्या रात्रीच्या जत्रा भरू लागल्या होत्या. जागा गुप्त असायची. ऐन वेळी फोनवर पत्ता कळायचा, की निघाल्या गाड्या कुठल्याशा शेताकडे. गाण्यातही हॅम्पशरमधलं शेत आहे. भविष्य म्हणतात ते हेच, की नुसतीच शेतात उभी असलेली २०,००० माणसं, असा प्रश्न गाण्यातल्या गड्याला पडतो. रात्रभर सगळे जिवलग असतात. मग उजाडतं. मित्र सापडत नाहीत, गाडीतून सोडायला कुणी तयार नाही, आणि आईला सांगायचं तर काय, की मेंदूचा महत्त्वाचा भाग तिकडे शेतातच राहिला, आता घरी येता येणार नाही! ही सकाळ आहे म्हणून मी हे गाणं सांगतो. रात्रीचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत.

गाण्याचं नाव कॉकरला शेफील्डच्या एका मुलीच्या बोलण्यातून मिळालं. १९९०मध्ये ती इंग्लंडमधल्या स्पाइक आयलंडला स्टोन रोझेस या बँडला ऐकायला गेली होती. तिच्या लक्षात राहिलं ते काय, तर 'ईज' आणि 'विझ'ची, म्हणजे एक्स्टसी आणि अँफेटामाइन या ड्रग्जची, सोय झाली का ('सॉर्टेड'), असं विचारत हिंडणारी पोरं. योगायोग बघा, १९९५च्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाआधी स्टोन रोझेसच्या गिटारवादकाचं गळपट्टीचं हाड मोडलं आणि त्यांच्या जागी पल्पला बोलावणं आलं. तिथे त्यांनी हे गाणं म्हटलं.

आणि हो, "हे ड्रग्जची भलामण करतं का?" हाही तुमचा ठरलेला प्रश्न. 'डेली मिरर' या ब्रिटिश वृत्तपत्रालाही तसंच वाटलं. सिंगलच्या कव्हरवर ड्रग्जची पुडी बांधायच्या घड्या छापल्या होत्या, त्यावरून पहिल्या पानावर बंदीची मागणी झाली, बँडला कव्हर बदलावं लागलं. कव्हरचा तो आगाऊपणा मलाही नको होता. गाण्याबद्दल मात्र एवढंच, ज्यांनी ते त्या सकाळपर्यंत ऐकलंय त्यांनी मला हे कधी विचारलेलं नाही.