गाजराच्या आकाराचा बटवा

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया
शनिवार, २८ मार्च २०२६

यंदा ईस्टर ५ एप्रिलला आहे. इथल्या गोष्टीत त्या दिवशी अंडी आणणारा ससा येतो, म्हणून गल्लीतल्या मुलांच्या खाऊसाठी गाजराच्या आकाराचे कापडी बटवे शिवायचे मी ठरवले आहे. या दिवसांत इथल्या दुकानांत प्लास्टिकचे गवत भरलेल्या टोपल्या आणि शंकूच्या आकाराच्या पारदर्शक पिशव्या ढिगाने मिळतात. त्या पिशव्यांत नारिंगी गोळ्या भरून वर हिरवी फीत बांधली की गाजर तयार होते, आणि सोमवारी सकाळी तेच गाजर कचऱ्याच्या डब्यात जाते. कापडाचा बटवा पुढे खडू, गोट्या, सुटी नाणी, कशालाही कामी येतो. त्यामुळे ही वस्तू आधी उत्तम बटवा असावी आणि मग गाजरासारखी दिसावी, असा माझा आग्रह आहे.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण गाजराच्या पिशव्यांचे जे नमुने माझ्या पाहण्यात आले, त्यांतल्या बहुतेकांत तो उलटा आहे. त्यांत नारिंगी त्रिकोणी पिशवी शिवून तिच्या तोंडाशी फेल्टची हिरवी पाने टाचतात आणि पानांच्या खालून कुठूनतरी नाडी ओवतात. पिशवी उघडायला गेले की पाने हातात येतात आणि बंद केली की ती वाकडीतिकडी दबून बसतात. लहान मूल अशी पिशवी उघडताना आधी पानेच ओढणार, हे उघड आहे.

माझ्या आजीचा बटवा मला या कामात सतत आठवतो आहे. आम्ही नगरचे मराठी ख्रिस्ती. रविवारच्या उपासनेला निघताना अर्पणाची नाणी आजी त्या बटव्यात घालून कमरेला खोचत असे. त्याला दोन नाड्या होत्या, एक डावीकडून आत जाऊन पूर्ण फेरा घेऊन डावीकडेच बाहेर येणारी आणि दुसरी तशीच उजवीकडची. दोन्ही बाजूंनी एकदम ओढले की तोंड घट्ट मिटायचे आणि नेफ्याच्या (नाडी ओवायच्या पट्टीच्या) वर उरलेल्या कापडाची चुण्याचुण्यांची झालर फुलून यायची. ती झालर हिरवी असती तर तोच गाजराचा पाला झाला असता! म्हणजे पाला वेगळा शिवण्याची गरजच नाही. बटवा मिटण्याच्या क्रियेतूनच तो आपोआप तयार होतो, आणि पिशवी उघडली की सपाट होऊन हाताला वाट करून देतो. हे एकदा लक्षात आल्यावर बाकीचा आराखडा पटापट सुचत गेला.

गाजराच्या खालच्या भागासाठी त्रिकोणापेक्षा पाव वर्तुळ घेणे मला अधिक पसंत आहे. दोन त्रिकोण जोडले तर पिशवी चपटी राहते आणि दोन शिवणी येतात, तर पाव वर्तुळाच्या दोन सरळ कडा एकमेकींना जोडल्या की खरा गोल शंकू होतो आणि शिवण एकच लागते. हिशेबही सोपा आहे, कारण पाव वर्तुळाची जितकी त्रिज्या असेल, तिच्या निम्मा शंकूच्या तोंडाचा व्यास येतो. मी २६ सेंटिमीटर त्रिज्या घेतली आहे. त्यातून १३ सेंटिमीटरचे तोंड मिळते आणि सगळीकडे शिवणीसाठी एकेक सेंटिमीटर कापड, म्हणजे माया, सोडल्यावर ते १२ सेंटिमीटरच्या जरा आत येते, जे लहान मुलाचा हात आत जायला पुरेसे आहे. दुकानातले सुती कापड ११२ सेंटिमीटर पन्ह्याचे असल्याने आडव्या रांगेत चार तुकडे बसतात आणि एक वार कापडात अशा तीन रांगा निघतात, म्हणजे बारा गाजरे.

यात एक बारकावा जपावा लागतो. पाव वर्तुळाच्या दोन्ही सरळ कडा कापडाच्या उभ्या आणि आडव्या धाग्यावर असतात, परंतु कमानीचा मधला भाग पूर्ण उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका, येतो आणि उरेब कापड हाताळताना ताणले जाते. तिथेच नेफा केला तर पिशवीचे तोंड वापरून वापरून पसरट होईल. म्हणून नेफा हिरव्या कापडात, सरळ धाग्यावर घ्यायचा आणि ती हिरवी पट्टी नारिंगी कमानीला जोडून तिचे ताणले जाणे रोखायचे, असे ठरवले आहे.

रविवार, २९ मार्च (झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार)

चर्चमधून येताना शेजारच्या आजींकडे थांबले होते. त्यांचे पूर्वज जर्मन भाषक मुलखातून इथे आले. अंडी आणणारा ईस्टरचा ससा अमेरिकेत आला तो मुख्यतः अठराव्या शतकात अशाच लोकांबरोबर, आणि आला तो या पेनसिल्व्हेनियातच. त्याआधी १६८२ साली गेऑर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाउ या जर्मन वैद्याने अंडी आणणाऱ्या या सशाच्या समजुतीची नोंद करून ठेवली होती. इथली मुले आदल्या रात्री आपल्या टोप्या आणि कुंच्या घराच्या एखाद्या कोपऱ्यात घरट्यासारख्या मांडून ठेवत, आणि सकाळी त्यांत रंगीत अंडी सापडत. टोपल्या नंतर आल्या.

हे ऐकून मला मनापासून बरे वाटले. नगरला आमच्या ईस्टरमध्ये ससा नव्हताच. अंधार असताना उठून पहाटेच्या उपासनेला जायचे, ‘प्रभू उठला आहे’ असे म्हणणाऱ्याला ‘खरोखर उठला आहे’ असे उत्तर द्यायचे आणि घरी येऊन गोडाधोडाचे जेवायचे, हा आमचा सण होता. त्यामुळे इथला सशाचा आणि गोळ्यांचा पसारा मला पुष्कळ दिवस परका वाटत असे. परंतु मुलाची स्वतःची कापडी टोपी आणि तिच्यात सकाळी सापडलेले अंडे, हे चित्र बाजारातल्या टोपलीपेक्षा माझ्या बटव्याच्या कितीतरी जवळचे आहे.

गाजर या गोष्टीत सशासाठी आहे, मुले रात्री त्याच्याकरिता ते ठेवतात. खरे तर सशाचे मुख्य अन्न गवत आहे. गाजरात साखर असल्यामुळे पाळीव सशालाही ते अगदी थोडे देतात, आणि पाला त्याला अधिक मानवतो. तेव्हा माझ्या बटव्यात पाल्याला मान मिळतो आहे, हे सशाच्या दृष्टीनेही योग्यच झाले.

बुधवार, १ एप्रिल

शिवणकाम आज जवळजवळ संपले. कामाचा क्रम लिहून ठेवते.

आधी नारिंगी तुकडा सपाट असतानाच त्यावर गाजराच्या आडव्या रेघा घालाव्या. शंकू शिवून झाल्यावर आत हात पोहोचत नाही. मी गडद नारिंगी दोरा दुहेरी घेऊन धावदोऱ्याने लहान लहान रेघा घातल्या, काही डाव्या कडेपासून निघणाऱ्या, काही उजव्या, काही मध्येच सुटणाऱ्या. खऱ्या गाजरावर त्या कधीही एका अंतरावर नसतात आणि पूर्ण वळसाही घेत नाहीत. मुलीने बाजारातून आणलेले गाजर समोर ठेवून रेघा खडूने आखून दिल्या आणि त्या माझ्या मनातल्या रेघांपेक्षा पुष्कळ जिवंत आल्या.

नंतर दोन सरळ कडा सुलट बाजू आत ठेवून जोडाव्या. टोकाशी येताना शिवण अगदी बिंदूपर्यंत न नेता शेवटी दोन टाके आडवे घालावे, मग टोकाची जास्तीची माया कापावी आणि उलटवावे. आडव्या टाक्यांमुळे कापडाला वळायला जागा मिळते आणि टोक सुबक निघते. ते बाहेर काढायला विणायच्या सुईचे बोथट डोके वापरले, कारण कात्रीचे टोक लावले तर कापड हमखास फाटते.

हिरव्या भागाचे दोन सारखे तुकडे घेतले, प्रत्येकी साधारण साडेवीस सेंटिमीटर लांब. ही लांबी कमानीच्या कापलेल्या कडेवर न मोजता तिच्या आत, जिथे टीप पडणार त्या रेषेवर मोजावी लागते. कापलेली कड सुमारे ४१ सेंटिमीटर भरते आणि टिपेची रेषा ३९ च्या आसपास, आणि एवढ्या फरकाने चुण्या पडतात. जोडण्यापूर्वी कमानीच्या मायेत थोड्या थोड्या अंतरावर बारीक कात्रे दिले की ती सरळ पट्टीला विनातक्रार बसते.

हिरव्या कापडासाठी पेटीतला नगरहून आणलेला खण बाहेर काढला. खणाला दोन्ही बाजूंना विणीतलाच काठ असतो. तो काठ पाल्याच्या वरच्या कडेला घेतला तर तिथे दुमडायचे काम उरत नाही. शिवाय खणाचे कापड अंगचे ताठ असते, त्यामुळे नाडी ओढल्यावर झालर खाली न पडता उभी राहते आणि काठाची बारीक नक्षी तुऱ्यासारखी दिसते. कापलेली कड मात्र लगेच उसवू लागते, म्हणून शिवण्याआधी तिच्यावर झिगझॅग टीप मारून घेतली. खण चार बटव्यांनाच पुरला. उरलेल्यांसाठी साधे हिरवे सुती कापड दुहेरी घडी घालून वापरले. तेही चांगले दिसते, पण खणाच्या पाल्याची ऐट त्याला नाही, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन.

खणाच्या बटव्यांना आतून मांजरपाटाची पट्टी लावून दोन सेंटिमीटरचा नेफा केला, आणि दुहेरी सुती कापडात दोन समांतर टिपा मारल्या की नेफा तयारच होतो. दोन्ही बाजूंच्या शिवणींत नेफ्यापुरती फट सोडली. नाडीला साटीनची फीत घ्यायचा मोह होतो, कारण ती दुकानात सुंदर दिसते. परंतु ती गुळगुळीत असल्यामुळे बांधलेले तोंड थोड्या वेळात सैल पडते. पिळाची सुती नाडी कापडाला धरून राहते. एका बटव्याला ५८ सेंटिमीटरच्या दोन नाड्या, सेफ्टी पिनेने ओवून, टोकांना गाठी मारलेल्या. यापेक्षा लांब नाडी मी मुलांच्या हातात देणार नाही.

मुलीला एक जांभळे गाजर हवे होते. तिचे म्हणणे रास्तच आहे. माणसाने प्रथम लावलेली मध्य आशियातली गाजरे जांभळी आणि पिवळीच होती, आणि नारिंगी गाजर पुढे युरोपात रूढ झाले. जांभळ्यावर खणाचा हिरवा पाला सर्वांत उठून दिसतो.

शनिवार, ४ एप्रिल

आज बटवे भरले. शंकूच्या टोकात कोणताही खाऊ नीट बसत नाही आणि ते रिकामे ठेवले तर गाजर खाली मुडपते, म्हणून पाव वर्तुळे कापताना उरलेल्या नारिंगी कोपऱ्यांच्या चिंध्या करून त्याच टोकात दाबून भरल्या आणि दोन टाके घालून पक्क्या केल्या. ज्याच्या त्याच्या कापडाचा कोपरा त्याच्याच टोकात गेला, त्यामुळे काहीही वाया गेले नाही. त्यावर मोठ्या मुलांसाठी जेलीच्या गोळ्या आल्या, कारण बारीक वस्तू अरुंद भागात चांगल्या बसून आकार भरून काढतात. अगदी लहानांच्या बटव्यात गोळ्या न घालता केळ्याचे मऊ बिस्कीट आणि मेणाचे जाड खडू घातले. गल्लीत एका मुलाला शेंगदाणा चालत नाही, म्हणून शेंगदाण्याच्या चॉकलेटची अंडी कोणालाच दिलेली नाहीत. दोन घरांत मांस खात नाहीत, आणि इथल्या मार्शमेलोच्या (मऊ, फुगीर मिठाईच्या) पिवळ्या पिलांत जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेले जिलेटिन असते, म्हणून तीही वगळली. सगळ्यांत वर एकेक उकडलेले अंडे येईल. शेजारच्या आजी ती कांद्याच्या सालींत उकळून रंगवतात, आणि त्यांचा तांबूस तपकिरी रंग नारिंगी कापडाशी फार छान जुळतो. ती उद्या सकाळीच ठेवायची.

पुढच्या वर्षी पांढरा मुळा करून पाहायचा आहे. तो अधिक निमुळता हवा, म्हणून पाव वर्तुळाऐवजी वर्तुळाचा सहावा भाग घ्यावा लागेल. त्यात तोंडाचा व्यास त्रिज्येच्या एक तृतीयांश येतो, म्हणजे मुलाचा हात जाईल एवढ्या १२ सेंटिमीटरच्या तोंडासाठी त्रिज्या निदान ३६ हवी आणि माया धरून ३९ घेतलेली बरी. कापड मांजरपाटच चालेल. पाल्यासाठी मात्र नगरहून आणखी हिरवा खण मागवून ठेवायला हवा, आणि तो रुंद काठाचा.