लिंडन हिल्समधल्या पुस्तकपेट्या

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या नैऋत्य भागात, लेक हॅरिएटच्या पश्चिमेला लिंडन हिल्स ही जुनी वस्ती आहे. अंगणात खांबावर उभ्या केलेल्या फुकट पुस्तकांच्या पेट्या बघायच्या, तर आम्ही सकाळ इथेच घालवायला सांगू. 43वा रस्ता आणि अप्टन अव्हेन्यू मिळतात त्या चौकात गाडी ठेवा आणि पायी निघा. हरवायची सोय नाही, कारण उभे रस्ते इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने लागतात: क्वीन, रसेल, शेरिडन, थॉमस, अप्टन, व्हिन्सेंट, वॉशबर्न, झर्क्सिस (Xerxes). आडव्या रस्त्यांना नुसते आकडे.

अशा पेट्यांची नोंदणी करणाऱ्या ‘लिटल फ्री लायब्ररी’ या संस्थेच्या अ‍ॅपमध्ये नकाशा मिळतो, पण त्यात फक्त नोंदवलेल्या पेट्या असतात. नोंदणी क्रमांकाची छोटी पाटी पेटीवरच ठोकलेली दिसते. घर विकलं गेलं की पेटीही कधीकधी जाते, नकाशावरची खूण मात्र राहते. म्हणून सहा-सात खुणा धरा आणि मधल्या गल्ल्या नागमोडी पालथ्या घाला. दोन तासांत दहा-बारा पेट्या आरामात होतात.

या साऱ्याचा उगम इथून तासाभराच्या आत, सेंट क्रॉय नदीपलीकडच्या हडसन गावात आहे. 2009 साली टॉड बोल यांनी गॅरेजच्या जुन्या दाराच्या लाकडातून एकखोली शाळेसारखी पेटी केली, शिक्षिका असलेल्या आईच्या आठवणीसाठी. पुढे रिक ब्रुक्स जोडीला आले. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या अडीच हजारांवर ग्रंथालयांचा आकडा गाठायचा हे त्यांचं लक्ष्य 2012 मध्येच पार झालं. (नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ही 2009 चंच. तिथे शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते, इथे पेटी जागची हलत नाही.)

पेटी बघताना आधी छप्पर बघावं. दाराच्या पुढे दोन-तीन इंच वळचण नसेल, तर पागोळ्या थेट दाराच्या फटीवर पडतात. मग पहिली फुगते ती प्लायवूडची खालची कड, कारण कापलेल्या कडेतून पाणी आत चढतं. कडेला रंगाचे दोन-तीन हात हवेत, आणि तेच नेमके राहून गेलेले असतात. हवेला भोकं नसलेल्या घट्ट पेटीत उलटं होतं: पाऊस आत येत नाही, पण बाष्प साठून पानांना बुरशीचा वास लागतो.

खांब कललेला दिसला तर दोष बहुधा थंडीचा. इथे घराच्या पायासाठी गोठणरेषा, म्हणजे हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते ती खोली, 42 इंच धरतात. दोन फुटांवर पुरलेला खांब गोठणाऱ्या मातीबरोबर वर उचलला जातो, वसंतात तिरका बसतो, चौकट वाकते आणि दार अडतं. मग लोक जोर लावतात आणि बिजागरी निखळते. कडी-कोयंड्यापेक्षा चुंबक बरा, हातमोजे घालूनही दार उघडतं. (स्वतःच्या अंगणात खणणार असाल तर आधी 811 ला फोन करून गॅस आणि विजेच्या जमिनीखालच्या वाहिन्यांची खूण करून घ्यावी.) मे ते ऑक्टोबर फिरायला ठीक. हिवाळ्यात बर्फ ढकलणाऱ्या गाड्या रस्त्याकडेच्या पेटीसमोरच ढीग लावतात.

मध्यम पेटीत वीस-पंचवीस पुस्तकं मावतात. पेटी जिवंत राहते ती पुस्तकं भरणाऱ्यापेक्षा काढणाऱ्यामुळे, असं आमचं ठाम मत आहे. जुनी पाठ्यपुस्तकं, कालबाह्य कॉम्प्युटरची पुस्तकं, विश्वकोशाचा एकच सुटा खंड यांना कोणी हात लावत नाही, आणि अशी चार जाडजूड पुस्तकं बसली की पेटी तुंबते. पिशवीत आठ-दहा पुस्तकं न्या, त्यात निम्मी लहान मुलांची. ती खालच्या फळीवर ठेवा, मुलांचा हात तिथेच पोचतो. भरलेल्या पेटीत कोंबू नका, पुढची रिकामी मिळेलच. घेतलेलं पुस्तक आधी हुंगून बघा आणि कणा उघडून कसर आहे का पाहा.

मुलं बरोबर असतील तर 43व्या रस्त्यावरचं ‘वाइल्ड रम्पस’ हे मुलांच्या पुस्तकांचं दुकान चुकवू नका. मोठ्या जांभळ्या दारातच मुलांच्या उंचीचं छोटं दार आहे.

मराठी पुस्तक ठेवायचं तर चित्रांचं ठेवा, आणि आतल्या पहिल्या पानावर भाषा व विषय इंग्रजीत एका ओळीत लिहा. नाहीतर पुढच्या साफसफाईत सगळ्यात आधी तेच बाहेर निघतं.