हिवरे बाजारला जाताना आपल्या गावाचा नकाशा सोबत न्या

आमच्या ओढ्यावर सहा वर्षांपूर्वी सिमेंट नाला बांध झाला. पहिल्या वर्षी तुडुंब भरला, नारळ फुटला, फोटो निघाले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मी त्यात काठी खुपसून पाहिली, तर ती कमरेइतकी आत गेली. पाणी वीतभर, खाली सगळा गाळ. काम मंजूर होतं, एमबीत (कामाच्या मोजमाप पुस्तकात) नोंद होती, बिलही निघालं होतं. कागदावर एकही चूक नव्हती, आणि त्या मार्चमध्ये गावात टँकर आला.

त्या गाळामुळेच आम्ही जलसंधारणासाठी नावाजलेल्या हिवरे बाजारला गेलो. ग्रामपंचायत सदस्य म्हणून ही माझी दुसरी टर्म. पहिल्या टर्ममध्ये मी एकच प्रश्न विचारत होते, निधी कधी येणार? आलेला निधी शिवारात टिकून का राहत नाही, हे विचारायला उशीर झाला. तो प्रश्न घेऊन ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही नऊ जण क्रुझरने मराठवाड्यातून निघालो. सोबत सरपंचताई, भाऊसाहेब (म्हणजे ग्रामसेवक, पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात भाऊसाहेबच), रोजगार सेवक, बचत गटाच्या दोघी, तीन शेतकरी आणि मी.

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे तुमची फेरी वाया जाणार नाही. अशा दौऱ्यांना बहुतेक वेळा सदस्य आणि त्यांचे नातेवाईकच जातात. तुम्ही तसं करू नका. ज्याच्याकडे शेळ्या-मेंढ्या आहेत तो माणूस न्या, आणि ज्याच्या विहिरीला सगळ्यात जास्त पाणी आहे तोही न्या. उद्या गावात चराईचा आणि उपशाचा नियम आणायचा झाला, तर पहिला विरोध या दोघांचा असतो, आणि तो रास्तही असतो. आम्ही बागायतदार आप्पांना नेलं, पण मेंढपाळांपैकी कोणालाच नेलं नाही. त्याची किंमत आम्ही अजून मोजतोय.

हिवरे बाजार नगर तालुक्यात आहे. अहिल्यानगर शहरातून कल्याण रस्त्याने निघालं की साधारण 17 किलोमीटर. स्वतःचं वाहन असलेलं बरं, कारण खरं पाहायचं ते गावात नसून वर डोंगरावर आहे. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर आधी पत्र पाठवा, तारीख ठरवून घ्या आणि सकाळी लवकर पोहोचा. तिथे राज्यभरातून लोक येत असतात, आयत्या वेळी गेलात तर सविस्तर बोलायला निवांत माणूस मिळणं कठीण.

इतिहास बहुतेकांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात सांगते. पावसाच्या छायेतलं गाव, वर्षाला 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, 1972च्या दुष्काळानंतर उजाड झालेले डोंगर, कामासाठी बाहेर पडलेली माणसं. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. राळेगणसिद्धीच्या धर्तीवर राज्याने 1992 मध्ये आदर्श गाव योजना सुरू केली आणि 1994 मध्ये हिवरे बाजारची त्यात निवड झाली. पोपटरावांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. मला हवा होता तो पैशाचा हिशेब.

गावाचं क्षेत्र 976 हेक्टर. मृद-जलसंधारणाचं मोठं काम रोजगार हमीतून झालं, सुमारे 42 लाख रुपयांत, म्हणजे हेक्टरी साधारण 4,000 रुपये. त्या काळीही ही रक्कम डोळे दिपवणारी नव्हती. इतकाच पैसा इतर गावांनाही मिळाला असेल. फरक पडला तो पैसा येण्याआधी गावाने स्वीकारलेल्या अटींमुळे. आदर्श गाव योजनेची सप्तसूत्री आहे: श्रमदान, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, कुटुंबनियोजन, लोटाबंदी (उघड्यावर शौचाला न जाणं) आणि बोअरवेलबंदी. ही यादी मी शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखी वाचत आले होते. डोंगरावर उभं राहिल्यावर तिचा अर्थ कळला. चर खोदायला योजना पैसे देते, पण त्या चरात पुढची तीस वर्षं कोणाचं जनावर उतरू नये यासाठी कोणत्याही योजनेत तरतूद नसते. ती गावालाच करावी लागते, आणि ती पैशाने होत नाही.

डोंगरावर चढताना वाकून चर पाहा. आम्ही एका चराजवळ बसलो. दोनेक फूट रुंद, खोली बऱ्यापैकी भरत आलेली, तळाशी काळपट कुजलेला पालापाचोळा. खालच्या कडेला मातीचा भराव, आणि त्या भरावाला गवताच्या मुळ्यांनी असं धरून ठेवलेलं की बोटांनी ढेकूळ फुटेना. आप्पांनी दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. आमच्याकडे चर झाले तेव्हा भरावावर एक मूठही बी पडलं नव्हतं. पहिल्याच वळवाच्या पावसात भराव परत चरात गेला आणि उरलेला ओढ्याने खाली आणला. सिमेंट बांधातला गाळ कुठून आला, हे मला तिथे, त्या ढेकळाकडे पाहून समजलं. आम्ही पायथ्याला भिंत बांधली आणि माथा उघडा ठेवला. ‘माथा ते पायथा’ हे प्रत्येक प्रशिक्षणात ऐकलेलं असतं, पण मंजुरीच्या वेळी सगळ्यांना बांध हवा असतो, कारण बांध रस्त्यावरून दिसतो.

चराई बंद म्हणजे जनावरं उपाशी, असं तिथे नाही. गवत कापून डोक्यावरून न्यायचं, त्यासाठी ठरलेलं शुल्क भरायचं. त्यातून चारा वाढला आणि चाऱ्यावर दुधाचा धंदा उभा राहिला. डोंगराची जमीन वन विभागाची असेल तर आधी संयुक्त वनव्यवस्थापन समितीचं बघा. त्याशिवाय तिथे ग्रामपंचायतीचा पैसा घालता येईल असं गृहीत धरू नका.

दुपारचा वेळ पाण्याच्या ताळेबंदासाठी राखून ठेवा. पाऊस संपला की गावाचा पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची आणि ग्रामसभेत रब्बीची पिकं ठरवायची, ही तिथली पद्धत. पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा, मग जनावरांचा, मग शेतीचा. ऊस आणि केळी नाहीत, शेतीसाठी बोअरवेल नाही. म्हणूनच मी ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर या काळात जायला सांगते. पावसाळ्यात हिरवं तर कोणतंही गाव दिसतं. जमलं तर मे महिन्यात दुसरी चक्कर मारा आणि फक्त विहिरींत डोकावून या.

आम्ही तिथेच आमच्या गावाचा कच्चा हिशेब मांडला. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10,000 लिटर पाणी. या मापाने हिवरे बाजारच्या शिवारात 400 मिलिमीटरला 390 कोटी लिटर पाणी आभाळातून पडतं. त्यातलं बरंचसं उडून जातं, वाहून जातं, पण सुरुवातीचा आकडा एवढा मोठा असतो. आता खर्चाची बाजू. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज 55 लिटर धरलं, तर आमच्या 1,500 लोकांना वर्षाला तीन कोटी लिटर लागतात. आणि एक हेक्टर उसाला, साधारण 2,000 मिलिमीटर गरज धरली, तर दोन कोटी लिटर. म्हणजे पावणेचार एकर ऊस अख्ख्या गावाचं वर्षभराचं पाणी पितो. आप्पांचा ऊस पाच एकर आहे. वहीकडे बघत ते बराच वेळ बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, “हे ग्रामसभेत माझ्या तोंडून सांगू द्या.” दौऱ्याचा खर्च माझ्या लेखी तिथेच वसूल झाला.

आता निधीकडे वळते, कारण परत आल्यावर अडतं ते इथेच.

जाण्याआधीच ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या ग्रामपंचायतीचं पान उघडा. त्याला लॉगिन लागत नाही. मंजूर आराखडा, त्यातली कामं, झालेला खर्च तिथे दिसतो. आमच्यातल्या चार सदस्यांनी ते पहिल्यांदा गाडीत बसून मोबाईलवर पाहिलं. 15व्या वित्त आयोगाच्या पैशातला आपल्या राज्यात 80 टक्के वाटा ग्रामपंचायतीला, 10 टक्के पंचायत समितीला आणि 10 टक्के जिल्हा परिषदेला, असं वाटप ठरलं. 2021 ते 2026 या काळात त्यातला 60 टक्के निधी बंधित होता: निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगार आणि आस्थापनेवर खर्च करायचा नाही. विहीर पुनर्भरण, शाळेच्या छताचं पाणी जमिनीत मुरवणं ही कामं बंधित निधीच्या ‘पावसाचं पाणी’ या शीर्षाखाली बसतात, हे आम्ही कधी लक्षातच घेतलं नव्हतं. आमचा तो पैसा पाइपलाइनच्या दुरुस्तीत जात राहिला. 16व्या आयोगाचा कालावधी 1 एप्रिल 2026 पासूनचा आहे, तेव्हा आराखडा करताना जुन्या टक्केवारीवर विसंबू नका, चालू परिपत्रकाची प्रत समोर ठेवा.

रोजगार हमीत मजुरी आणि साहित्य यांचं 60:40 हे प्रमाण आम्ही इतकी वर्षं अडचण समजत होतो. खरं तर समतल चर, बांधबंदिस्ती, दगडी बांध ही जवळजवळ सगळी मजुरीचीच कामं. ती भरपूर घेतली तर साहित्याच्या कामांना आपोआप जागा होते. माथ्यावरची कामं आधी घेण्याचं हे अगदी व्यवहारी कारण आहे.

स्वनिधीला कमी लेखू नका. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली वाढली तरच देखभालीला पैसा राहतो. गाळ काढायला, फुटलेला भराव सावरायला कोणी वेगळं अनुदान घेऊन येत नाही. स्वउत्पन्नातला 15 टक्के खर्च मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी करावा लागतो, तो आधी बाजूला काढा आणि मग उरलेल्यात देखभालीची ओळ लिहा. आमच्या अंदाजपत्रकात ती ओळच नव्हती.

सोबत काय न्यायचं? गावाचा गट नकाशा, पाणलोटाचा नकाशा कृषी खात्याकडून मिळाला तर तो, मागच्या पाच वर्षांच्या कामांची यादी आणि चालू आराखडा. हे कागद समोर असले की बोलणं आपल्या गावावर राहतं. नाहीतर दिवसभर त्यांचं कौतुक ऐकून परत यावं लागतं. पायात बूट, जवळ पाण्याची बाटली. बायकांना चढावर न्यायचं की नाही यावर आमच्या गाडीत चर्चा झाली. माथ्यावर पहिल्या पोहोचल्या त्या बचत गटाच्या दोघी, आणि गवताबद्दल सगळ्यात नेमके प्रश्न त्यांनीच विचारले.

वेळ उरला तर दुसऱ्या दिवशी राळेगणसिद्धी करा, पारनेर तालुक्यात, नगर-पुणे रस्त्यावरच्या वाडेगव्हाण फाट्यावरून आत. अण्णा हजारे 1975 मध्ये गावी परतले आणि यादवबाबांच्या मंदिरापासून काम सुरू झालं. पाझर तलाव आणि त्याखालच्या विहिरी क्रमाने पाहा, पाणी जमिनीखालून कसं चालतं ते उमगतं. एका दिवसात दोन्ही गावं उरकू नका. आम्ही तसं केलं आणि राळेगण घाईतच संपलं.

परत आल्यावर पंधरा दिवसांत विशेष ग्रामसभा घेतली. त्याच्या आदल्या दिवशी महिला सभा. सात दिवस आधी नोटीस दिली, दवंडीही दिली, तरी अर्धी माणसं फोन करून बोलवावी लागली. आप्पांनी वहीतला हिशेब वाचून दाखवला. आराखड्यात नवा सिमेंट बांध होता, तो खाली सरकवून डोंगरावरचे चर आणि दगडी बांध वर घेतले. देखभालीसाठी स्वनिधीतून रक्कम ठेवली. एका रविवारी हायड्रोमार्कर (समपातळी शोधायचं साधन) घेऊन माथ्यावरची पहिली समपातळी रेषा चुन्याने आखली, पोरांनी दोन तासांत चाळीस मीटर चर खोदला आणि भरावावर स्टायलो या चाऱ्याच्या पिकाचं बी टाकलं.

चराईबंदीचा ठराव मात्र झाला नाही. गावात अकरा मेंढपाळ कुटुंबं आहेत, त्यांनी सरळ विचारलं की मेंढरं कुठे न्यायची, आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. आता डोंगराचे तीन भाग करून एका वेळी एकच भाग बंद ठेवायचा, असा त्यांच्याकडूनच आलेला प्रस्ताव आहे. तो 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मांडायचाय, पण त्याआधी त्यांच्यातल्या चौघांना घेऊन पुन्हा हिवरे बाजारला जायचं ठरलंय. या वेळी गाडीत सदस्य दोनच.