शेरा: सॉफ्ट

गेल्या मे महिन्यात माझे ३८ फोटो एकदम परत आले. मासिकवाले कविता परत करताना निदान 'साभार' तरी लिहायचे. इथे एकच शब्द होता: सॉफ्ट. म्हणजे फोटो पुरेसा रेखीव नाही.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात लग्नाचे फोटो काढतो. दोन लग्नांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत शेतं, बाजार, तापीकाठ असं काहीबाही काढून एका परदेशी स्टॉक एजन्सीला, म्हणजे फोटो विकून देणाऱ्या कंपनीला, पाठवतो. त्यांची पद्धत अशी की एका वेळी पाठवलेल्या लॉटमधले सगळे फोटो तपासत नाहीत. चार-दोन उघडून बघतात आणि त्यातला एक जरी नापास झाला तरी अख्खा लॉट बाद. आमच्याकडे केळीचा व्यापारीसुद्धा खराब घड बाजूला काढून बाकीचा माल उचलतो. पण ते असो.

त्यातला नापास झालेला फोटो मला स्वतःला फार आवडला होता. भर दुपारी केळी कापणी चाललेली, डोक्यावर घड घेऊन पाच माणसं बांधावरून एका रांगेत येतायत, मागे सातपुड्याची निळसर रेघ. मोबाईलवर आईला दाखवला. ती म्हणाली, "हाऊ फोटो ते चांगला शे. त्यासले काय समजस?" मलाही तेच वाटत होतं.

मग तो कॉम्प्युटरवर शंभर टक्के करून पाहिला. म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. एक फोटो असा बघायचा तर माझ्या स्क्रीनवर चार आडवे, चार उभे असे सोळा तुकडे सरकवत बघावे लागतात. तपासणारा असंच बघतो. चित्र छान आहे का, हे तो बघतच नाही. सौंदर्याला तिथे मार्क नाहीत. बघितलं तर खरंच, पहिल्या माणसाच्या भुवया दिसत नव्हत्या. चेहऱ्यावर कुणी ओला हात फिरवल्यासारखं झालं होतं.

आधी वाटलं हात हलला. पण शटर हजारांश सेकंदच उघडं होतं, तेवढ्यात हात काय हलणार? मग वाटलं फोकस चुकला. तो चुकला असता तर माणसांच्या पुढची किंवा मागची काहीतरी वस्तू स्पष्ट आली असती. तशी एकही नव्हती. मग खापर लेन्सवर. ७०-३०० मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी झूम, लग्नाच्या पैशांतून घेतलेली. नाशिकला दुरुस्तीला पाठवली. आठ दिवसांनी परत आली, सोबत तपासणीचं बिल आणि निरोप: लेन्समध्ये काही नाही.

उलगडा झाला तो असाच, चिडून. सकाळी साडेसहाला गच्चीवरून समोरच्या खताच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढला. अक्षरं अशी कोरीव की रंगाचे पोपडे मोजावेत. त्याच जागेवरून, त्याच ३०० वर, दुपारी दीडला परत काढला. अक्षरं वाकडी. लागोपाठ दहा काढले तर दहांत दहा प्रकारे वाकडी, कुठे डावं टोक पसरलेलं, कुठे उजवं. मधला डांबरी रस्ता तापलेला आणि त्यावरून गरम हवेच्या लाटा वर चढत होत्या. गरम आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळा वळतो. रस्त्यावर लांब पाणी साचल्यासारखं मृगजळ दिसतं तेही त्यामुळेच. लेन्स जितकी लांबची तितकी ती लाट मोठी होऊन दिसते. माझ्या त्या फोटोत तर माझ्यात आणि माणसांत दीडेकशे मीटर उघडी काळी जमीन होती, पारा ४४ वर. काळी जमीन ऊन कसं पिते ते अनवाणी चालून बघा. महागडी लेन्स, ट्रायपॉड, कशाचाही उपयोग नव्हता. सकाळी लवकर जायचं, नाहीतर जवळ जायचं. दुसरा इलाज मला तरी सापडलेला नाही.

म्हणजे तपासणाऱ्याचा शेरा बरोबर होता. फक्त तो कुठल्यातरी थंड खोलीत बसून 'सॉफ्ट' म्हणाला, 'तुमच्याकडे ऊन फार आहे' असं म्हणाला नाही.

दुसरा लॉट दिवाळीनंतर गेला. आकाशात डाग आहेत म्हणून परत. करड्या रंगाचे पुसट ठिपके, आणि ते प्रत्येक फोटोत नेमके त्याच जागी. म्हणजे धूळ कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर, जिथे चित्र उमटतं तिथे. लग्नात मी अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, कायम एफ २.८ इतकं मोठं ठेवतो, त्यामुळे ही धूळ आयुष्यात कधी दिसली नव्हती; अपर्चर एफ १६ पर्यंत बारीक केलं की तिची सावली उमटते. आणि ती आली कुठून हेही मला ठाऊक होतं. जिनिंगच्या आवारात, कापसाच्या गंजीशेजारी उभं राहून मी ऐटीत लेन्स बदलली होती. तिथे हवेत इतकं तूस असतं की घरी आल्यावर आईने मला आधी अंगणात झटकलं. कॅमेऱ्याला कोण झटकणार? आता पाठवण्याआधी एफ १६ वर फोकस बिघडवून कोऱ्या आभाळाचा एक फोटो काढतो. सगळी चोरी पकडली जाते.

भरताच्या वांग्यांचा फोटो मात्र मीच मारला. काटक्यांवर वांगी भाजतायत, संध्याकाळ, उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवलेली, आयएसओ ३२००. त्याने फोटोत दाणे दिसतात म्हणून ते कॉम्प्युटरवर घालवायला गेलो, तर वांगी मेणाची झाली.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांच्याबद्दल पूर्वी ऐकायचो, की हा माणूस वर्षानुवर्षं घराबाहेर पडत नाही आणि टेबलावर देखावे मांडून फोटो काढतो, तेव्हा ते विक्षिप्त वाटायचं. मे महिन्यात खानदेशात दुपारी बाहेर उभं राहून ३०० ची लेन्स रोखली की तितकंसं वाटत नाही.

काल रात्री अकरा फोटोंचा लॉट पाठवलाय. सगळे सकाळी आठच्या आतले, प्रत्येकाचे सोळा तुकडे दोनदा बघितलेले. निकाल येईल तेव्हा येईल. तोवर लेन्स बदलायची ती गाडीत बसून, काचा वर करून. आणि एसीच्या झोताबरोबरही धूळ येते, म्हणून एसी बंद.