तुम्ही विचारलंत म्हणून: मला नक्की दिसतं तरी किती?

हे मला सारखं विचारतात, आणि विचारण्यात जरा संशयही असतो, कारण खाली पडलेलं शर्टाचं बटण मी पटकन उचलते पण समोर उभ्या माणसाला ओळखत नाही, मग हिला दिसतं की नाही?

मला वयामुळे होणारं मॅक्युलर डीजनरेशन आहे. मोतीबिंदू नाही, त्यामुळे "ऑपरेशन करून टाका" हा सल्ला इथे लागू पडत नाही आणि चष्म्याचा नंबर वाढवूनही भागत नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध जेमतेम 5 मिलिमीटरचा भाग असतो, मॅक्युला, वाचायला, सुईत दोरा ओवायला, चेहरा ओळखायला तोच लागतो. माझा तोच गेलाय, कडेचा पडदा शाबूत आहे. तुमच्याकडे सरळ बघितलं की खांदे दिसतात, हातातली पिशवी दिसते, आणि चेहऱ्याच्या जागी करडा डाग, ओल्या बोटाने पुसल्यासारखा. नजर तुमच्या डोक्याच्या जरा वर नेली की नाक-ओठ थोडे उमटतात. म्हणून मी भलतीकडे बघतेय असं वाटलं तर गैरसमज नको, मी तुमच्याकडेच बघत असते. बटणही असंच कडेच्या नजरेत सापडतं, सरळ बघायला गेलं की गायब.

सुरुवात उजव्या डोळ्यात झाली. दाराची चौकट मधेच वाकलेली दिसायची, पण दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सांभाळून घेतो, त्यामुळे कळायला फार उशीर झाला, याची मला आजही हळहळ वाटते. हा ओला प्रकार, पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात आणि पाझरतात, आणि त्यावर डोळ्यात इंजेक्शनं असतात. लवकर सुरू केली तर उरलेली नजर बरीच टिकते. डाव्यात कोरडा प्रकार आहे, त्यासाठी झिंक, ल्युटीन वगैरेच्या गोळ्या, त्या गेलेलं परत आणत नाहीत, मधल्या टप्प्यात वेग कमी करतात. शिवाय रोज एकेक डोळा झाकून चौकटींच्या कागदावर, ॲम्सलर ग्रिडवर, रेघा तपासायच्या. रेघ वाकली की त्याच आठवड्यात डॉक्टर.

एक गोष्ट मात्र मी कित्येक महिने कोणालाच सांगितली नव्हती. संध्याकाळी भिंतीवर जाळीची नक्षी दिसायची, कधी टोप्या घातलेली छोटी माणसं, अगदी स्पष्ट, आवाज काही नाही. वाटलं डोकं फिरलं. मग डॉक्टरांनीच आपणहून विचारलं, असं काही दिसतं का, आणि मी तिथेच रडले. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात, 1760 मध्ये बॉनेट नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने आपल्या आजोबांबद्दल हेच लिहून ठेवलं होतं. डोळ्याकडून चित्र कमी यायला लागलं की मेंदू स्वतःच काढतो. घरात कोणाची नजर कमी झाली असेल तर हे नक्की विचारा, ते स्वतःहून सांगणार नाहीत.

आणि भेटलात की आधी नाव सांगा. माझा नातू दारातूनच ओरडतो, "आजी, मी आलो, आज निळा शर्ट घातलाय."